रत्ना सरस, तरी मान हापूसलाच!

आरे-वारेच्या किनाऱ्यावरून गणपतीपुळ्याकडे जाताना हापूसच्या बागा लागतात. या हापूसला दोन खोडी आहेत. तो बहुधा वर्षाआड भरघोस फळतो आणि वरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका निघतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही जात काढली. ती १९८१ साली प्रसारित झाली. ती बऱ्यापैकी नियमित फळते, तिच्यात साका होत नाही. तरीही बाजारात मान हापूसलाच आहे. असे का?

शाळेत आपण शोधाची गोष्ट अशी सांगतो: कल्पना सुचली, वस्तू झाली, लोकांनी उचलली. आम्हाला ही गोष्ट खटकते. संकर घडवणे थोड्या वेळाचे काम. पण कोयीपासून वाढवलेले झाड फळायला अनेक वर्षे लागतात आणि बहुतेक रोपे शेवटी नापसंत ठरतात. शिवाय रत्नाने अडचण सोडवली ती बागायतदाराची. गिऱ्हाईक पैसे मोजते ते ओळखीच्या स्वादाला आणि नावाला. मग उभी बाग तोडून नवी कलमे कोण लावणार?

म्हणून रत्ना वाया गेली असे नव्हे. तिचाच हापूसशी पुन्हा संकर होऊन १९९२ साली अगदी पातळ कोयीची ‘सिंधू’ आली.

विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्हीही ‘यात नवीन काय?’ एवढेच विचारत आलो. ‘अडचण कोणाची? त्याला विचारलेत का? काय फसले?’ हे विचारायचे राहिले. शिक्षकांनी फसलेल्या प्रयोगांच्या वहीलाही गुण द्यावेत.