किल्ल्यात लिहिलेली दोन पुस्तके

नगरच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी उभा राहिलो, की निजामशाहीच्या आधी मला दोन पुस्तके आठवतात: पंडित नेहरूंचे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' आणि मौलाना आझादांचे 'गुबार-ए-खातिर'. दोन्ही याच तटांच्या आत लिहिली गेली आणि 1946 साली प्रसिद्ध झाली. नेहरूंच्या ग्रंथाची थोरवी आपण त्यातील प्राचीन भारताच्या दर्शनात शोधतो. मला ती महायुद्धावरील अखेरच्या प्रकरणांत अधिक आढळते, आणि त्याची उणीवही तेथेच जाणवते.

1939 साली हिंदुस्थानला न विचारताच या दूरच्या युद्धात ओढण्यात आले. नेहरू फॅसिझमचे कट्टर वैरी. चीन आणि रशिया यांच्याविषयी त्यांना मनापासून आस्था. तथापि जे स्वातंत्र्य घरी नाकारले जाते, त्याच्यासाठी परक्या रणांगणावर रक्त कसे सांडावे? 8 ऑगस्ट 1942 च्या ठरावातही स्वतंत्र हिंदुस्थान दोस्तराष्ट्रांच्या बाजूने लढेल, असे आश्वासन होते. दुसऱ्याच पहाटे नेत्यांना अटक झाली आणि कार्यकारिणीतील बारा जण नगरला आले.

हा पेच नेहरू लपवीत नाहीत. गांधीजींशी अहिंसेवरून झालेला मतभेदही ते सौजन्याने मांडतात. 1943 च्या बंगालच्या दुष्काळावर लिहिताना मात्र त्यांचा संयम सुटू लागतो, आणि मला ती पाने ग्रंथातील सर्वांत जिवंत वाटतात. पण वादातील इतर पक्ष येथे नेहरूंच्याच तोंडून बोलतात. तटाबाहेर नगरचेच अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहून लढा चालवीत होते. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्यासमवेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी युद्धाला साहाय्य करणे हेच कर्तव्य मानीत होते. सुमारे 25 लक्ष हिंदी सैनिक त्या सैन्यात होते. त्यांच्यापैकी एखाद्याचा आवाज मी या ग्रंथात शोधला. तो मला सापडला नाही.

आझादांचा ग्रंथ मी अनुवादातून वाचला. पाठवता न येणाऱ्या त्या पत्रांत चहा आहे, चिमण्या आहेत. युद्धाची चर्चा फारशी नाही. काँग्रेसचे अध्यक्ष असून हे गृहस्थ चहाच्या चवीवर पानेच्या पाने लिहितात, याचा प्रथम मला रागच आला होता. मग पत्नीच्या निधनाचे पत्र वाचले. झुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. भेटीसाठी सरकारपुढे अर्ज करणे मौलानांनी नाकारले, आणि एप्रिल 1943 मध्ये त्या वारल्या. युद्धाला साहाय्य न करण्याची भूमिका एका घराला काय पडली, ते तेथे कळते.

म्हणून ही दोन पुस्तके मी एकत्र ठेवतो. नेहरूंकडे त्या भूमिकेची कारणे आहेत, आझादांकडे तिची किंमत. दूरच्या युद्धांविषयी आजही आपण दिवाणखान्यात बसून आवेशाने बोलतो. माझ्याही बोलण्यात कारणे पुष्कळ असतात. किंमत मात्र बहुधा दुसऱ्याच कुणीतरी मोजलेली असते.