पिरॅमिडच्या तळाची बाजारपेठ आणि विपणनाचे अध्यापन : एक चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत विपणन या विषयाचा आरंभ वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी या चार घटकांपासून होतो. देशाच्या अर्थव्यवस्थेचा अभ्यास वेगळ्या प्रश्नपत्रिकेत असतो आणि या दोहोंची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपविले जाते. परिणामी बाजारपेठ ही आधीपासून तयार असते आणि विक्रेत्याने तेथे केवळ कौशल्य घेऊन उतरायचे असते, असा समज दृढ होतो. सी. के. प्रल्हाद यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला ‘द फॉर्च्युन ॲट द बॉटम ऑफ द पिरॅमिड’ हा ग्रंथ या समजाला छेद देतो आणि त्याच वेळी त्याच्या आहारीही जातो. ग्रामीण विपणन शिकविताना या ग्रंथाचा आणि त्यातील भारतीय उदाहरणांचा उल्लेख वारंवार होत असल्याने त्याची चिकित्सा आवश्यक ठरते.

ग्रंथाची मांडणी

जगातील सुमारे ४०० कोटी लोक दिवसाकाठी दोन डॉलरहून कमी उत्पन्नावर जगतात, असे ग्रंथात त्या काळी म्हटले होते. मोठ्या उद्योगसंस्थांनी त्यांना दयेचा विषय न मानता ग्राहक मानावे, त्यांना परवडतील अशा वस्तू व सेवा नव्याने घडवाव्यात, म्हणजे नफाही होईल आणि दारिद्र्यही हटेल, असे या ग्रंथाचे मुख्य प्रतिपादन आहे. गरीब माणूस विचार करून खर्च करतो, त्याला गुणवत्ता कळते आणि गरीब असल्यामुळेच त्याला अनेक गोष्टींसाठी जास्त पैसे मोजावे लागतात, ही निरीक्षणे प्रल्हाद यांनी ठामपणे मांडली. व्यवस्थापनशास्त्राने दुर्लक्षिलेला मोठा समाज त्यांनी अभ्यासकक्षेत आणला, हे या ग्रंथाचे श्रेय निर्विवाद आहे.

आकडा आणि बाजारपेठ

ग्रंथाची पहिली मर्यादा बाजारपेठेच्या आकारमानात आढळते. चीन, भारत, ब्राझील आदी नऊ विकसनशील देशांचे क्रयशक्ती-समतेनुसारचे एकत्रित स्थूल उत्पादन १२.५ लाख कोटी डॉलर असल्याचे त्यात नमूद आहे आणि त्याच सुमाराचा १३ लाख कोटी डॉलरचा आकडा तळाच्या बाजारपेठेचा म्हणून पुढे रूढ झाला. परंतु ४०० कोटी लोकांनी दररोज पूर्ण दोन डॉलर खर्च केले, असे गृहीत धरले तरी वर्षाची बेरीज २.९२ लाख कोटी डॉलरच होते. वर्गात फळ्यावर करता येईल इतके हे साधे गणित आहे. संपूर्ण देशाचे उत्पादन आणि त्या देशातील गरिबांची क्रयशक्ती यांतील फरक येथे पुसला गेला आहे.

मिशिगन विद्यापीठातील प्रल्हाद यांचेच सहकारी अनील कर्नानी यांनी २००७ साली या आकड्याची तपासणी केली. क्रयशक्ती-समतेचे डॉलर तुलनेसाठी उपयुक्त असले तरी कंपनीच्या तिजोरीत प्रत्यक्ष चलनच जमा होते, हे लक्षात घेऊन त्यांनी विनिमय दरानुसार या बाजारपेठेचा आकार ०.३ लाख कोटी डॉलरहूनही कमी ठरविला.

भारतातील चित्र आजही सावध करणारे आहे. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार ग्रामीण भागात दरडोई मासिक सरासरी खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता. ग्रामीण खर्चापैकी सुमारे ४७ टक्के वाटा अन्नाचा होता. उरलेल्या रकमेत कपडालत्ता, औषधपाणी, प्रवास, शिक्षण हे सारे बसवावे लागते. नव्या वस्तूची विक्री होते तेव्हा बहुधा दुसरा एखादा खर्च मागे सरतो. विक्रेत्याच्या अहवालात मात्र तो कोठेही दिसत नाही.

धारावीचा तक्ता

ग्रंथातील सर्वाधिक गाजलेला भाग म्हणजे मुंबईतील धारावी आणि वॉर्डन रोड येथील किमतींची तुलना. त्यानुसार वॉर्डन रोडवर कर्जाचा व्याजदर १२ ते १८ टक्के, तर धारावीत ६०० ते १००० टक्के आढळला. धारावीत पाणी ३७ पट महाग, तर तांदूळ केवळ १.२ पट महाग होता. यावरून प्रल्हाद असे सुचवितात की स्थानिक मक्तेदारी व अकार्यक्षम वितरण यांमुळे गरिबांवर हा भार पडतो आणि संघटित उद्योग तेथे शिरल्यास तो दूर होईल.

तथापि हा तक्ता नीट वाचल्यास वेगळा अर्थ निघतो. तांदळाचा व्यापार खुला आहे, दुकाने अनेक आहेत. म्हणून तेथे फरक किरकोळ आहे. पाण्याची नळजोडणी घराच्या कायदेशीर दर्जावर अवलंबून होती आणि बँकेच्या कर्जाला तारण व कागदपत्रे लागतात. म्हणून तेथे फरक प्रचंड आहे. पाण्याचा प्रश्न अखेर न्यायालयात गेला. १ जानेवारी २००० नंतरच्या झोपड्यांतील रहिवाशांनाही पाणी नाकारता येणार नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये दिला. वितरणातील दोष म्हणून जे मांडले गेले, ते मुळात कायदा, जमीन व नागरी हक्क यांचे वास्तव होते.

कर्जाच्या बाबतीत दुसरा धडा मिळाला. सावकारापेक्षा कमी दराने कर्ज देणाऱ्या सूक्ष्म वित्तसंस्था आंध्र प्रदेशात वेगाने वाढल्या. एकाच कुटुंबाला अनेक संस्थांनी कर्जे दिली, वसुलीचा जाच वाढला आणि ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य शासनाला वटहुकूम काढावा लागला. कर्जाला मागणी होती, ही गोष्ट खरी होती. परंतु परतफेडीसाठी लागणारे उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नव्हते.

उदाहरणांचे अर्थशास्त्र

ग्रंथातील भारतीय उदाहरणे हीच त्याची खरी संपत्ती होय. मात्र ती ग्रंथाच्या प्रतिपादनापेक्षा अधिक काही सांगतात. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांवर मोफत वा अल्प दरात उपचार होतात. जयपूर फूट बसविणारी संस्था देणग्या व अनुदाने यांच्या आधारे कृत्रिम पाय मोफत देते. या दोन्ही संस्था अनुकरणीय आहेत. पण तळाच्या ग्राहकाकडून नफा मिळविण्याची ती उदाहरणे नव्हेत.

आयटीसीने २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीन खरेदीसाठी सुरू केलेल्या ई-चौपालचा उल्लेख तंत्रज्ञानाचे यश म्हणून होतो. तथापि त्या काळी शेतमालाची खरेदी नियंत्रित बाजार समितीच्या आवारातच करण्याचे बंधन होते. शासनाने त्यातून मुभा दिली नसती, तर संगणक असूनही खरेदी झाली नसती. शिवाय येथे शेतकरी मुख्यतः ग्राहक म्हणून नव्हे, तर उत्पादक म्हणून लाभार्थी ठरला. गरिबांकडे आधी उत्पादक म्हणून पाहावे, हा कर्नानींचा आग्रह याच उदाहरणाने पुष्ट होतो.

निरमाची कथाही अशीच अर्धी सांगितली जाते. करसनभाई पटेल यांनी १९६९ साली अहमदाबादेत सुरू केलेल्या या धुण्याच्या पावडरीने हिंदुस्थान लिव्हरला ‘व्हील’ बाजारात आणण्यास भाग पाडले. स्वस्त किंमत हे त्या यशाचे कारण खरेच. पण विजेशिवाय चालणाऱ्या लघुउत्पादनास मिळणारी अबकारी सवलत त्या किमतीमागे होती, हे क्वचितच सांगितले जाते. किंमत ठरविण्यामागे करव्यवस्था उभी असते.

शाम्पूच्या पुडीचेही तेच. ती खपते याचे कारण मजुराच्या हाती पैसा रोज वा आठवड्याने येतो आणि आठवडी बाजारात तो तितकाच घेऊन जातो. पुडीमुळे खरेदी सोयीची होते, उत्पन्न वाढत नाही. देशातील सुमारे ४६ टक्के रोजगार (२०२३-२४) शेतीत असताना पाऊस, हंगाम व उधारी यांचे चक्र न समजता मासिक विक्रीचे उद्दिष्ट ठरविणे म्हणजे पेरणीच्या दिवसांत सुगीचा हिशेब मागण्यासारखे आहे.

समारोप

प्रल्हाद यांचे २०१० साली निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र मोलाचाच राहिला आहे. ग्रंथ अभ्यासक्रमातून वगळणे हा यावरील उपाय नव्हे. तो अर्थव्यवस्थेच्या प्रश्नपत्रिकेसोबत वाचला जाणे आवश्यक आहे. उत्पन्न केव्हा व कोठून येते, कर्ज कोणाचे आहे, कर व कायदा कोणाच्या बाजूने आहे आणि नव्या खरेदीमुळे कोणता खर्च मागे सरतो, हे प्रश्न प्रत्येक प्रकल्पकार्यात विचारले गेले पाहिजेत. पदवी घेऊन बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी तालुक्याच्या गावी विक्री प्रतिनिधी होतात. उद्दिष्ट न गाठल्याचा दोष ते स्वतःच्या कौशल्याला देतात, कारण बाजारपेठ कशी घडते हे त्यांना शिकविलेलेच नसते. आणि उद्दिष्ट गाठले गेले, तर त्याची किंमत कोणत्या घराने मोजली, हेही त्यांना कळत नाही. विपणनाच्या अध्यापनाची खरी कसोटी याच ठिकाणी आहे.