एक रेघ, दोन रेघा

करोनाची चाचणी घरच्या घरी करण्याचा संच भारतात प्रथम मान्य झाला तो मे २०२१ मध्ये. पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या या ‘कोव्हिसेल्फ’ संचाची किंमत अडीचशे रुपये होती आणि तो घ्यायला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नसे. नाकातला स्राव काडीवर घ्यायचा, द्रावणात ढवळायचा, थेंब पट्टीवर टाकायचे आणि पंधरा मिनिटे थांबायचे. एकच रेघ उमटली तर विषाणू आढळला नाही. दोन उमटल्या तर आढळला. सोय मोठी होती. आमचा आक्षेप सोयीला नाही. रेघांचा अर्थ लोकांना ज्या तऱ्हेने सांगितला गेला, त्याला आहे.

नाकात काडी घालण्यापेक्षा लाळ का घेऊ नये, असे विद्यार्थी हमखास विचारतील. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने २०२१ मध्येच मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर चालणारी पद्धत काढली होती. परंतु ती आरटी-पीसीआर चाचणीसाठी होती. त्या चाचणीत विषाणूचा जनुकीय अंश दर फेरीला साधारण दुप्पट होतो, म्हणून नमुना विरळ असला तरी चालतो. पट्टीवरच्या अँटिजेन चाचणीत असे काही वाढत नाही. नमुन्यात विषाणूची जेवढी प्रथिने असतील तेवढीच पट्टीवरच्या प्रतिपिंडांना सापडणार. नुकतेच जेवून, पाणी पिऊन घेतलेली पातळ लाळ तिथे कमी पडू शकते. नमुना घेणे सोपे आहे काय आणि उत्तर भरवशाचे आहे काय, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता उत्तराकडे वळू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने संचासोबत सल्ला दिला होता: लक्षणे असणाऱ्यांनी व बाधितांच्या निकटच्या लोकांनीच चाचणी करावी, दोन रेघा आल्यास बाधित समजावे, फेरतपासणी नको, लक्षणे असून एकच रेघ आल्यास आरटी-पीसीआर करावी. सल्ला योग्यच होता. पण पहिल्या अटीवर दुसरे वाक्य उभे आहे, हे त्यात उलगडून सांगितले नव्हते.

हिशेब करून पाहू. कोक्रेन संस्थेच्या मार्च २०२१ च्या आढाव्यानुसार अशा चाचण्यांत लक्षणे असलेल्या बाधितांपैकी सरासरी ७२ टक्के सापडत, लक्षणे नसलेल्यांपैकी ५८ टक्के. निरोगी माणसाला चुकून बाधित ठरवण्याचे प्रमाण हजारी ४ च्या आसपास होते.

समजा, जालना एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यांच्या फाटकांवर लक्षणे नसलेल्या १००० कामगारांची चाचणी केली आणि त्यांत ५ बाधित आहेत. त्यांपैकी ३ सापडतील, २ सुटतील. उरलेल्या ९९५ निरोग्यांपैकी ४ जणांच्या पट्टीवर उगाच दोन रेघा येतील. म्हणजे ‘बाधित’ ठरलेल्या ७ पैकी ४ निरोगी! फेरतपासणी नको म्हटले, तर या चौघांची रोजंदारी विनाकारण बुडाली.

आता ताप-खोकला असलेले १००० जण घेऊ, आणि त्यांतले ५०० बाधित समजू. ३६० सापडतील, चुकून बाधित ठरतील फक्त २. इथे दोन रेघांवर विश्वास ठेवावा. पण एकच रेघ आलेल्या ६३८ जणांत १४० बाधित असतील, पाचांतल्या एकाहून अधिक. यांतला एखादा निर्धास्त होऊन पाळीवर गेला, तर सोबतच्यांना धोका.

पट्टी तीच, रेघा त्याच. अर्थ मात्र उलटा. चिठ्ठीविना विकल्या जाणाऱ्या संचात पहिली अट पाळणे खरेदीदारावर सोडले होते. अट का घातली हे त्याला कळले नाही, तर ती पाळली जाण्याची शक्यता कमीच.

नववी-दहावीच्या वर्गात टक्केवारी शिकवताना हाच हिशेब फळ्यावर मांडता येईल. बाधितांची संख्या ५, ५०, ५०० अशी बदलून मुलांनाच कोष्टक करू द्यावे. गर्भधारणेची पट्टी असो वा मलेरियाची, पुढच्या साथीतही घरोघरी अशाच रेघा वाचल्या जातील. त्या वाचायला शिकवण्याचे काम शाळेचेही आहे, असे आम्हांला वाटते.