सद्‌हेतूंची परीक्षा : इलिच ह्यांचे भाषण व आमचा सीमाभाग

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात सेवा करणाऱ्या धर्मगुरूंना व धर्मशिक्षकांना अधूनमधून एक पत्र येत असते. परदेशी तरुणांची एक तुकडी काही आठवडे येऊ इच्छिते. शाळेची डागडुजी, पाण्याची टाकी, आरोग्य-तपासणी असे एखादे काम सुचवावे, अशी त्यात विनंती असते. उत्तर लिहिण्यापूर्वी आपण एक जुने भाषण अवश्य वाचावे, असे आम्हांस वाटते.

२० एप्रिल १९६८ रोजी मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच ह्यांनी ते अमेरिकन विद्यार्थी-स्वयंसेवकांपुढे केले. वक्ते स्वतः धर्मगुरू होते. श्रोते मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करू पाहणारे होते. 'सद्‌हेतू जळोत' अशा अर्थाच्या शीर्षकाने ते प्रसिद्ध आहे. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे : ज्यांची भाषा आपणांस येत नाही त्यांची सेवा आपल्या हातून घडत नाही. स्वयंसेवक नकळत आपल्याच देशाची जीवनपद्धती विकत असतो. पाहण्यास व शिकण्यास खुशाल यावे, 'मदत' करण्यास येऊ नये. काम करावयाचेच असेल तर ते स्वदेशी, जेथील गरीब आपणांस तोंडावर धुडकावू शकतील तेथे करावे.

हे शब्द कठोर आहेत, परंतु आमच्या भागास लागू पडतात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद ह्या तालुक्यांत अनेक घरांत मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी बोलली जाते. आईने लेकराच्या जुलाबांची हकिगत सांगावी, दुभाष्याने ती इंग्रजीत न्यावी आणि उत्तर परत मराठीत आणावे, ह्यातच भेटीची वेळ सरते. त्याहून महत्त्वाचा मुद्दा नकाराचा. आमच्या खेड्यात पाहुण्यास कोणी 'नको' म्हणत नाही. तो धर्मगुरूने आणलेला असेल तर मुळीच नाही. म्हणून गावाचा होकार हा गावाच्या गरजेचा पुरावा ठरत नाही. हे इलिच ह्यांनी नेमके हेरले आहे.

तथापि त्यांच्या भाषणाने सर्व प्रश्न सुटतो, असे आम्ही मानीत नाही. परका असणे हाच दोष असता, तर बीदर शहरास महमूद गवानचा मदरसा लाभलाच नसता. गवान इराणातील गिलानचा. तो येथे आला, येथेच राहिला, १४७२ साली त्याने ही विद्याशाळा उभारली आणि १४८१ साली ह्याच राज्याच्या सेवेत असता सुलतानाच्या आज्ञेने प्राणास मुकला. तो काही गरीब सेवक नव्हता, बहमनी राज्याचा वजीर होता. परंतु ह्या भूमीच्या सुखदुःखातून परतीची वाट त्याने राखून ठेवली नव्हती, एवढे खरे.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक परिचयाचे आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्याने अमेरिकेत शिक्षण घेतले आणि १९७० साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे कार्य आरंभिले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना, ज्यांतील अनेक निरक्षर होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. पुढे जगभरातून लोक जामखेडला आले ते शिकण्यासाठी. इलिच ह्यांनी मागितले तेच येथे घडले; आणि अधिकही घडले, कारण बाहेरून आणलेली विद्या येथे गावच्या बाईच्या हाती गेली व तेथेच राहिली.

भाषणातील खरी उणीव आम्हांस निराळ्या ठिकाणी दिसते. त्याचा रोख सत्तेवर आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ग्रहण करण्याविषयी शुभवर्तमान जे सांगते तेथपर्यंत तो पोहोचत नाही. सूखार गावच्या विहिरीपाशी प्रभूने शमरोनी स्त्रीला जिवंत पाण्याविषयी सांगितले, ते तिच्याकडे प्यावयास पाणी मागितल्यानंतर. पोहरा तिचा होता, त्याच्यापाशी नव्हता. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना पिशवीवाचून पाठवितो आणि जे घर स्वीकारील तेथेच राहून पुढे येईल ते खाण्यास सांगतो. पाठविलेल्याने आधी घ्यावयाचे असते. देणारा जेव्हा घेणारा होतो, तेव्हाच समोरच्यास 'नको' म्हणण्याचे बळ येते.

तेव्हा त्या पत्रास उत्तर देताना आपण तीन गोष्टी विचाराव्यात. हे काम प्रथम कोणी मागितले? हातपंपाचा वायसर झिजला की तो कोण बदलील? आणि पाहुणे गेल्यावर गावातील कोणास असे काय येत असेल, जे आधी येत नव्हते? उत्तरे न मिळाल्यास पाहुण्यांना अवश्य बोलवावे, पण भाकरी खाण्यास व भाषा ऐकण्यास.

हेच प्रश्न आपल्याही दाराशी येतात. आपण धर्मगुरूसुद्धा बदलीवर येतो, कित्येकदा लोकांची बोली न शिकताच इमारतीचा पाया घालतो आणि उद्‌घाटनाच्या छायाचित्रासह निघून जातो. इलिच ह्यांचे श्रोते त्या दिवशी परदेशी विद्यार्थी होते. आज ते भाषण वाचताना आपण त्यांच्याच बाकावर बसावे, हे बरे.