ब्रिन्स्ली श्वार्त्झच्या पारंब्या

पडलेल्या मैफलीची नोंद सहसा कोणी ठेवीत नाही. ब्रिन्स्ली श्वार्त्झ हा इंग्रजी बँड मात्र प्रथम गाजला तो पडलेल्या मैफलीमुळेच. एप्रिल १९७० मध्ये त्याच्या चालकांनी विमानभर पत्रकार न्यूयॉर्कला नेले. फिल्मोर ईस्ट नाट्यगृहात त्यांनी हा नवा चमत्कार पाहावा आणि मायदेशी डंका पिटावा, असा बेत. विमान कित्येक तास रखडले, पाहुणे शिणले, आणि ही तरुण पोरे एवढ्या मोठ्या रंगमंचाला मुळातच कच्ची होती. परतल्यावर वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ हजेरी घेतली.

यानंतर ते एकाच घरात एकत्र राहू लागले, आणि १९७२ साली केंटिश टाउनमधल्या 'टॅली हो' या पबात वाजवू लागले. पब म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गुत्ता येतो. पण तिकडे तो आळीचा चव्हाटाही असतो. श्रोता हातभर अंतरावर, हातात पेला, गप्पा चालूच. गाणे उगाच लांबले की तो सरळ पाठ फिरवतो! या शाळेत त्यांची गाणी आटोपशीर झाली. 'नर्व्हस ऑन द रोड' (१९७२) ऐकताना ही साधी, हसरी लय मन प्रसन्न करते. अमेरिकेच्या 'द बँड'ची छाया तीवर फार दाट आहे, हेही सांगितले पाहिजे.

१९७५ मध्ये मंडळी फुटली. ज्याचे नाव बँडला होते तो गिटारवादक आणि बॉब अँड्र्यूज हे दोघे ग्रॅहम पार्करच्या साथीला 'द रूमर'मध्ये गेले. व्यवस्थापक डेव्ह रॉबिन्सन यांनी जेक रिव्हिएरांबरोबर १९७६ मध्ये 'स्टिफ' ही छोटी, स्वतंत्र ध्वनिमुद्रिका कंपनी काढली. तिची पहिली तबकडी बँडच्याच निक लो यांची. त्याच वर्षी 'द डॅम्ड'ची 'न्यू रोझ' निघाली. इंग्लंडची पहिली पंक तबकडी म्हणतात ती हीच. तिचे निर्मातेही लो! पंकवाल्यांनी पबवाल्यांना हुसकून लावले, ही गोष्ट मला म्हणूनच अर्धीमुर्धी वाटते. घरात शिरणाऱ्याला दार आतूनच उघडून दिलेले होते.

आता त्या एका गाण्याविषयी. 'व्हॉट्स सो फनी बाउट पीस, लव्ह अँड अंडरस्टँडिंग' हे लो यांचे गाणे १९७४ च्या शेवटच्या संग्रहात आले, आणि फारसे कोणी वळून पाहिले नाही. मूळ गाण्यात थट्टा आहे. ओसरलेल्या हिप्पी स्वप्नांना मारलेली कोपरखळी. १९७८ मध्ये एल्व्हिस कॉस्टेलो यांनी तेच लो यांच्याच देखरेखीखाली गायिले, तेव्हा थट्टेचा संताप झाला. मला मूळचेच अधिक भावते. संतापात प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. थट्टेत गाणारा स्वतः अजून घुटमळतो आहे.

पुढे १९९२ मध्ये कर्टिस स्टिगर्स यांच्या आवाजात ते 'द बॉडीगार्ड' चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेत गेले. तिच्या प्रती कोट्यवधी खपल्या आणि लो यांना अनपेक्षित धनलाभ झाला. त्यांनी तो काय केला? 'द इम्पॉसिबल बर्ड' (१९९४) काढला. त्यात ते इतक्या हळू गातात, की पबातल्या गप्पाही थांबाव्यात.