रिव्हर्स गिअरची बंदिश

रिव्हर्स गिअर पडला की गाडी गाऊ लागते. शब्द नाहीत, स्वर एकच. बदलते ती फक्त लय. भिंत लांब असताना विलंबित ठोके, मग मध्य, मग द्रुत, आणि फूटभर अंतर उरलं की ठोक्यांमधली जागाच संपते, उरतो अखंड सूर. एवढ्या काटकसरीत इतका ताण उभा करणारी रचना क्वचितच सापडेल.

खरं गाणं मात्र आपल्याला ऐकूच येत नाही. मागच्या बंपरमधल्या नाण्याएवढ्या चकत्या सेकंदाला चाळीसेक हजार वेळा थरथरतात; माणसाचा कान वीस हजारांपाशीच थकतो. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर धावतो, म्हणजे मीटरभरावरच्या भिंतीला शिवून तो सहा मिलिसेकंदांत परततो. या वेळेवरून अंतर निघतं, अंतरावरून लय ठरते. गंमत अशी की बहुतेक गाड्यांत गाणारी चकतीच ऐकणारीही असते. तिची स्वतःची थरथर शमेपर्यंत तिला काही ऐकू येत नाही, त्यामुळे अगदी जवळचा प्रतिध्वनी त्या थरथरीतच बुडतो. शेवटचा अखंड सूर मला म्हणूनच प्रामाणिक वाटतो: आता मोजमाप पुरे, थांब!

1 जुलै 2019 पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. आता कसारा स्टेशनबाहेर सकाळची लोकल गाठणारे गाड्या लावतात तेव्हा ही बंदिश सर्रास ऐकू येते. तिच्या आधी होता एसटीचा कंडक्टर: पत्र्यावर थाप आणि ‘येऊ द्या, येऊ द्या’. तो मागे म्हैस आहे की पोर, हेही सांगायचा. सेन्सरला ‘किती’ कळतं, ‘काय’ कळत नाही. बारीक खांब त्याच्या हातून निसटतो, बंपरखालचा दगडही. पावसाळ्यात चिखल बसला की तो भलतंच बरळतो.

पण रचनेतली सर्वात अवघड जागा आहे ती शांततेची. शांतता म्हणजे मागे मोकळं, असं आपण धरून चालतो. कसारा घाटात कठडा नसलेल्या कडेला गाडी मागे घेतली, तर दरीतून आवाज परत आणणारं जवळपास काहीच नसतं. सेन्सर गप्प राहतो, मोकळ्या मैदानात राहतो तसाच. दोन्ही शांततांमध्ये फरक करणं त्याला जमत नाही. अशा ठिकाणी गाडी वळवायची तर कुणाला तरी खाली उतरवावं, बाजूला उभं करावं आणि काच खाली घेऊन त्याचं ऐकावं.