कलाभवनांतील विद्यार्थी : दादासाहेब फाळके यांच्या पूर्वायुष्याविषयीं थोडेंसें

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना आपल्याकडे एक खोड जडलेली दिसते. त्या पुरुषाच्या हातून जें मोठें कार्य घडलें, त्याच्या आदल्या दिवसापासून चरित्रकार मन लावून लिहूं लागतो. त्यापूर्वींचीं वीस-पंचवीस वर्षें म्हणजे जणूं आगगाडी येईपर्यंत फलाटावर काढलेला वेळ! वाचकालाहि गाडींत बसण्याची घाई असतेच. परंतु ज्यांच्या घरीं वाढतीं मुलें आहेत, आणि त्यांपैकीं एखादें मळलेली वाट सोडून निराळ्याच विद्येच्या मागें लागलें आहे, त्यांना त्या गाळलेल्या वर्षांचीच हकीकत खरोखर हवी असते. विजय कसा मिळाला हें त्यांस ठाऊक असतें. विजयाचें एकहि चिन्ह दिसत नव्हतें त्या काळांत तो मुलगा काय करीत होता, आणि घरचीं माणसें तें कसें सोशीत होतीं, हा त्यांचा प्रश्न असतो.

हा विचार मनांत येण्यास एक निमित्त झालें. आम्ही धाराशिव जिल्ह्यांत अध्यापन करितों. तेथील आमचा एक जुना विद्यार्थी सध्यां एका मोठ्या शहरांत, ज्यास हल्लीं सर्रास ‘डिझाइन’ म्हणतात त्या विद्येचा अभ्यास करीत आहे. सुटींत घरीं येतो तो कॅमेरा गळ्यांत अडकवूनच. आणि दुसऱ्या दिवसापासून नळदुर्ग, तेर, परंडा अशा त्याच्या वाऱ्या सुरू होतात. त्याचे वडील समंजस गृहस्थ आहेत. पण परवां ते आम्हांस म्हणाले, “सर, तीन वर्षांची फी भरली. चौथ्या वर्षाची भरायची आहे. हा अभ्यास आहे कीं हौस, एवढें एकदां सांगा.” त्या वेळीं आम्हीं कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनांत राहिला. आणि त्याचें उत्तर शोधतां शोधतां धुंडिराज गोविंद, म्हणजे दादासाहेब, फाळके यांचें विद्यार्थिदशेंतील आयुष्य आम्हांस पुन्हां पाहावेंसें वाटलें.

फाळके म्हटले कीं एक ठराविक चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. १९११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूंत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहत बसलेला एक गृहस्थ. पडद्यावर ख्रिस्त आणि त्याच्या मनांत राम-कृष्ण. आणि मग ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन नाट्यगृहांत प्रदर्शित झालेला ‘राजा हरिश्चंद्र’. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा गोड व चतुर चित्रपटहि याच दोन वर्षांत रमतो. त्यास आमचा आक्षेप नाहीं. दोन तासांच्या कलाकृतीनें आपल्या सोयीचा तुकडा निवडावाच. पण त्यामुळें लोकांची अशी समजूत होते कीं एका संध्याकाळीं एका अनभिज्ञ माणसास साक्षात्कार झाला. ही समजूत चुकीची आहे, आणि तरुणांच्या दृष्टीनें ती घातकहि आहे. साक्षात्काराची वाट पाहत बसणें फार सोपें असतें.

वस्तुस्थिति अशी आहे. फाळके १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं जन्मले. घराणें शास्त्र्यांचें. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे अध्यापक म्हणून मुंबईस आले, आणि १८८५ सालीं मुलगा सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाला. तेथील रेखनाचा अभ्यासक्रम आटोपून तो वडील बंधूंच्या पाठोपाठ बडोद्यास गेला. सयाजीराव महाराजांनीं तेथें १८९० सालीं ‘कलाभवन’ स्थापन केलें होतें, व त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. या संस्थेंत रंगकाम, रसायन, यंत्रविद्या, वास्तुरचना हीं एकाच छपराखालीं नांदत होतीं. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालीं निघाली आणि पवईचें औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ सालीं. हात आणि बुद्धि यांची फारकत होऊं न देणारें शिक्षण त्यांच्याहि सत्तर वर्षें आधीं एका मराठी संस्थानिकानें सुरू केलें होतें, हें आपण सहसा ध्यानांत घेत नाहीं.

कलाभवनांत फाळके चित्रकला, मूर्तिकाम व वास्तुरचना शिकले. याच काळांत त्यांनीं छायाचित्रणाचा एक कॅमेरा घेतला, आणि हौस सुरू झाली. १८९२ सालीं अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनांत आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्यांस सुवर्णपदक मिळालें. गज्जरांनीं त्यांस रतलामला धाडलें. तेथें बाबूलाल वरूळकर यांच्या हाताखालीं ते तिरंगी ठसे करणें, शिळाछापावर छायाचित्र उतरविणें व अंधाऱ्या खोलींतील काम हें सर्व शिकले. परत आल्यावर कलाभवनाची प्रयोगशाळा गज्जरांनीं त्यांस मोकळी करून दिली. असा गुरु ज्यास लाभला त्याच्या भाग्याचा हेवा वाटावा. विद्यार्थ्यास ‘हें कशाला?’ असें न विचारतां किल्ली हातीं देणारे अध्यापक तेव्हांहि थोडे होते, आजहि थोडेच आहेत. आम्ही स्वतःस त्यांत गणण्याचें धाडस करीत नाहीं.

पुढील पंधरा वर्षांचा हिशेब मात्र कोणत्याहि बापाची झोंप उडवील असाच आहे. गोध्र्यास छायाचित्रांचें दुकान काढलें. तेथें प्लेगनें पहिली पत्नी व मूल नेलें. पुन्हां बडोद्यास दुकान मांडलें, तों छायाचित्र काढल्यानें माणसाचें आयुष्य घटतें या लोकभ्रमापुढें धंदा चालेना. मग नाटकांचे पडदे रंगविले. जादूचे प्रयोग शिकून आपलें आडनांव उलटें करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नांवानें तेहि केले. १९०३ च्या सुमारास पुराणवस्तु-संशोधन खात्यांत छायाचित्रकार व नक्षानवीस म्हणून नोकरी धरली, तीहि सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, तो मुंबईस आणला, रंगीत छपाईचीं यंत्रें आणण्यासाठीं १९०९ सालीं जर्मनीस जाऊन आले, आणि भागीदारांशीं न पटल्यामुळें त्यांतूनहि बाहेर पडले. वय चाळीस. शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं या गृहस्थास ‘धरसोड्या’ म्हटलें असेल तर त्यांस दोष देववत नाहीं.

परंतु या धरसोडींत एक सूत्र आहे, आणि तें पाहणें हेंच टीकाकाराचें काम. रेखन, रंग, मूर्ति, वास्तु, छायाचित्र, ठसा, शिळाछाप, पडदा, जादू या सर्वांत दोनच प्रश्न आहेत. पाहणाऱ्याच्या डोळ्यास एखादी वस्तु खरी कशी भासते, हा पहिला. आणि एका चित्राच्या अनेक प्रती कशा निघतात, हा दुसरा. चित्रपट म्हणजे या दोन प्रश्नांचें एकत्रित उत्तर. ख्रिस्तपट पाहून हजारों लोकांचे डोळे दिपले; त्या यंत्रामागील कृति आपणांस बहुतेक येते, हें मात्र त्या गर्दींत फाळक्यांसच उमगलें असावें. १९१२ च्या फेब्रुवारींत ते विलायतेस निघाले, वॉल्टन येथें सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेंत काम पाहिलें, विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था केली आणि एप्रिलच्या आरंभीं परतलेहि. अवघ्या दोन महिन्यांत हा प्रवास फलद्रूप झाला, कारण त्यापूर्वीं वीस वर्षें अभ्यास झालेला होता. रिकाम्या डोळ्यांनीं केलेला प्रवास कितीहि लांबचा असला तरी तो रिकामाच परत येतो.

याचा पुरावा त्यांच्या चित्रांतच आहे. परत येतांच त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि कित्येक दिवस कॅमेरा एका जागीं ठेवून थोड्या थोड्या वेळानें एकेक चित्र घेऊन बीजाचा वेल कसा होतो तें पडद्यावर दाखविलें. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून केलेला हा प्रयोग. पण त्यांतील चिकाटी अंधाऱ्या खोलींत तास न् तास काढलेल्या माणसाचीच आहे. ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाचा आरंभ पाहावा. कृष्णाचें काम करणारी त्यांची कन्या मंदाकिनी प्रथम आपल्या साध्या रूपांत येते, चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव करून दाखविते, आणि मग त्या मुलीच्या जागीं हळूहळू कृष्ण दिसूं लागतो. देव दाखविण्यापूर्वीं देव कसा घडवितात हें सांगून टाकण्याचा हा सरळपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. कसबी माणसास आपलें कसब झांकून ठेवण्याची गरज भासत नाहीं. चित्रपट कसे तयार करतात हें दाखविणारा एक स्वतंत्र छोटा पटहि त्यांनीं काढला, तो याच वृत्तीमुळें.

तथापि गुणांची जी खाण तीच दोषांचीहि. ‘राजा हरिश्चंद्रा’चे जे भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जपले आहेत ते पाहतांना, कॅमेरा नाट्यगृहांतील पहिल्या रांगेंत खिळून बसल्यासारखा वाटतो. पात्रें चित्राच्या चौकटींत मांडावीं तशीं मांडलेलीं. राजा, राणी व रोहिदास यांचा आरंभींचा देखावा डोळ्यांस सुखवितो, पण तो भिंतीवरील तसबिरीसारखा सुखवितो. स्त्रीचें काम करण्यास स्त्री मिळेना म्हणून साळुंके यांस तारामती व्हावें लागलें, हा काळाचा दोष. परंतु मनुष्याच्या अंतरंगांतील घालमेल चेहऱ्याच्या जवळ जाऊन टिपावी ही आस येथें क्वचितच दिसते. फाळके वस्तूचे जाणकार होते, मनाचे तितके नव्हते. मूकपटांचा काळ सरल्यावर ‘गंगावतरण’ (१९३७) हा एकच बोलपट त्यांच्या हातून झाला, आणि १९४४ सालीं नाशिकास ते जवळजवळ विस्मृतींत वारले.

येथें दुसऱ्या एका खोट्या समजुतीचा समाचार घेणें भाग आहे. फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनीं दागिने दिले, सर्व मंडळींचा स्वयंपाक करून रात्रीं काळोखांत कच्च्या फितीस भोंकें पाडलीं, हें सारें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. अभिमान योग्यच आहे. पण दारिद्र्य हेंच कलेचें भांडवल असा उपदेश त्यांतून कोणी काढील तर तो निर्दयपणा होईल. सरस्वतीबाईंच्या श्रमांची किंमत कोणी मोजली नाहीं, म्हणून ते श्रम फुकट होते असें नव्हे. एकाच्या हौसेचा खर्च घरांतील दुसरें कोणी तरी भरीत असतें. तें कोण, हें प्रत्येक हौशी तरुणानें स्वतःस विचारावें. आमच्या स्नेह्याच्या घरीं तो खर्च वडील भरीत आहेत. त्यांस प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

मग अभ्यास कोणता आणि हौस कोणती? फाळक्यांचें पूर्वायुष्य पाहून आम्हांस याची एक साधी कसोटी सांपडते. पाहिलेली वस्तु पुन्हां घडवून दाखवितां येईल इतकी जाणून घेण्याची धडपड ज्यांत आहे तो अभ्यास. आमच्या जिल्ह्यांतच ती लावून पाहूं. बर्जेस यांनीं १८७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत धाराशिवच्या लेण्यांचें वर्णन आहे. फ्लीट यांनीं तेर म्हणजेच प्राचीन तगर असें १९०१ सालीं मांडल्यावर कझन्स यांनीं तेथील विटांच्या त्रिविक्रम मंदिराची पाहणी केली. हीं माणसें चित्र घेत, पण सोबत मोजमाप घेत, नकाशा काढीत. फाळके ज्या खात्यांत नोकरीस होते त्याची ही रीत होती.

आजचे छायाचित्रकार नळदुर्गास जातात ते पावसाळ्यांत, धबधब्यासाठीं. बोरी नदीच्या बांधावरून पाणी कोसळतांना शेंकडों चित्रें घेतलीं जातात. सर्व सुंदर, सर्व सारखीं. पण इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळच्या त्या बांधाच्या पोटांत पाणीमहाल आहे. माथ्यावरून नदी वाहत असतां आंतील दालन वापरण्याजोगें कसें राहतें, पायऱ्या किती उंचीच्या, उजेड कोठून येतो, हें ज्यानें वहींत टिपलें त्यानें पाणीमहाल पाहिला. तेरच्या लामतुरे संग्रहालयांतील हस्तिदंती बाहुलीचें चित्र कोणीहि घेईल. तिच्यासारखीच एक बाहुली इटलींत पाँपेई येथें निघाली हें वाचून, दोहोंची ठेवण ताडून पाहील तो विद्यार्थी. आणि तेर हें तर गोरोबाकाकांचें गांव. मडकें कच्चें कीं पक्कें हें थापटून पाहावें लागतें, नुसत्या दिसण्यावर जाऊन भागत नाहीं, हें तेथें जाणाऱ्यास निराळें सांगावयास नको.

गेल्या आठवड्यांत आम्हीं त्या मुलास घरीं बोलावलें. चित्रें पुष्कळ दाखविलीं, चांगलीं होतीं. मग आम्हीं वही मागितली. तो थोडा ओशाळला. वहीचीं निम्मीं पानें पाणीमहालाच्या पायऱ्या, खिडक्या व कमानी यांच्या मापांनीं व रेखनांनीं भरलीं होतीं. पुढलीं पानें कोरीं होतीं. कां, असें विचारतां म्हणाला, “सर, पुढें फोटोच इतके चांगले येऊं लागले, कीं वही राहूनच गेली.” उत्तर प्रामाणिक होतें, आणि त्यांतच त्याच्या विद्येचा खरा धोका आहे. फाळक्यांच्या काळीं एक चित्र काढावयास कांच, रसायन, अंधार आणि अर्धा दिवस लागे. यंत्रच त्यांस थांबून पाहावयास लावी. आज खिशांतील फोन निमिषांत चित्र देतो. थांबण्याचें काम आतां ज्याचें त्यानें करावयाचें.

त्याच्या वडिलांस आमचें उत्तर इतकेंच आहे : चौथ्या वर्षाची फी भरावी. मुलगा फाळके होईल असें आश्वासन आम्ही देत नाहीं. फाळक्यांच्या वडिलांसहि तें कोणी दिलें नसेल. मात्र पुढल्या सुटींत तो घरीं आला म्हणजे चित्रें पाहण्याआधीं त्याची वही मागावी, आणि तीं कोरीं पानें भरलीं आहेत कीं नाहींत तें पाहावें.